‘जुनी गाणी’ म्हणजे नेमकी कोणती?

मुंबई, पुणे, नाशिक किंवा नागपूर, कोणत्याही शहरातील नाट्यगृहाबाहेर ‘जुन्या हिंदी गाण्यांची मैफल’ असा फलक हमखास दिसतो. तिकीट काढून आत बसलेल्या श्रोत्यांच्या मनातील ‘जुनी गाणी’ मात्र एकच नसतात. ऐंशी पार केलेल्या आजोबांना सैगल आणि पंकज मलिक अपेक्षित असतात. साठीतल्या गृहस्थांना मदन मोहन आणि शंकर-जयकिशन हवे असतात. पन्नाशीच्या बाईंना किशोरकुमार आणि राहुलदेव बर्मन यांच्याशिवाय मैफल पूर्ण वाटत नाही. त्यांच्या मुलीच्या लेखी तर ‘आशिकी’ची (१९९०) गाणीही जुनीच असतात. मध्यंतरात चहाच्या टपरीवर जो वाद रंगतो, त्याचे मूळ अभिरुचीत जितके असते, तितकेच ते या एका शब्दाच्या सैल वापरात असते.

हा वाद केवळ गमतीचा नाही. कोणती गाणी ‘जुनी’ ठरतात यावर आकाशवाणीच्या कोणत्या कार्यक्रमात ती वाजतील, कोणत्या संचात समाविष्ट होतील, कोणत्या ध्वनिमुद्रिका जपल्या जातील आणि कोणत्या विस्मरणात जातील, हे बरेचसे ठरत आले आहे. त्यामुळे ही सीमारेषा कोणी, कधी आणि कशाच्या आधारे आखली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

शब्द दोन, अर्थ दोन

सर्वप्रथम दोन संज्ञा वेगळ्या केल्या पाहिजेत. ‘जुनी गाणी’ ही कालवाचक संज्ञा आहे. काळ पुढे सरकतो तशी तिची सीमाही पुढे सरकते. ‘सुवर्णकाळ’ ही मूल्यवाचक संज्ञा आहे. एका विशिष्ट कालखंडातील संगीताविषयीचा तो अभिप्राय आहे आणि तो कालखंड जागचा हलत नाही. ‘जुने ते सोने’ या म्हणीने या दोन्ही कल्पना एकमेकींत मिसळून टाकल्या. परिणामी सुवर्णकाळाआधीची गाणी ‘फारच जुनी’ म्हणून बाजूला पडली आणि नंतरची गाणी वयाने कितीही मोठी झाली तरी अनेक रसिकांच्या लेखी ‘नवीच’ राहिली. १९४४ सालच्या ‘रतन’ची गाणी १९८० साली छत्तीस वर्षांची होती आणि ती जुनी आहेत याबद्दल तेव्हा कोणाचेही दुमत नव्हते. १९८८ सालच्या ‘कयामत से कयामत तक’ची गाणी २०२४ साली नेमकी तेवढ्याच वयाची झाली. तरीही त्यांना ‘जुनी’ म्हणताना पुष्कळांची जीभ अडखळते.

विस्मरणात गेलेला आद्यकाळ

हिंदी चित्रपटगीताचा जन्म १४ मार्च १९३१ रोजी झाला. त्या दिवशी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. त्यात सात गाणी होती. त्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्या गाण्यांपासून ही परंपरा सुरू झाली, ती गाणी मूळ स्वरूपात ऐकण्याचा मार्गच उरलेला नाही. वय हाच निकष धरला तर यांहून जुने चित्रपटगीत दुसरे नाही, परंतु ‘जुन्या गाण्यां’च्या कोणत्याही मैफलीत त्यांचा समावेश होऊ शकत नाही.

पहिल्या काही वर्षांत पडद्यावरील नट-नटीच स्वतः गात असत. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ या चित्रपटात पार्श्वगायनाचा अवलंब केला आणि अभिनेता व गायक यांची फारकत सुरू झाली. तरीही गायक-नटांचे युग पुढे दशकभर टिकले. न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल आणि पंकज मलिक यांचे संगीत, कुंदनलाल सैगल आणि कानन देवी यांचे आवाज. पुण्यात प्रभातमध्ये केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांचे संगीत, शांता आपटे यांचे गायन, हे या कालखंडाचे वैभव होय. प्रभातची गाणी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत मुद्रित होत असल्याने मराठी घरांत त्यांची ओळख अधिक जवळची होती.

१८ जानेवारी १९४७ रोजी सैगल यांचे निधन झाले. त्याच वर्षी फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. गायक-नटांच्या युगाची समाप्ती याच सुमारास मानली जाते. आज मात्र या सोळा वर्षांतील गाण्यांपैकी सैगल यांची मोजकी गाणी वगळता फारच थोडी सर्वसामान्य श्रोत्यांच्या कानावर पडतात.

आरंभरेषा १९४९ च का?

सुवर्णकाळाचा आरंभ बहुतेक अभ्यासक आणि रसिक १९४९ च्या आसपास मानतात. त्यामागे ठोस कारणे आहेत. त्या एकाच वर्षी ‘महल’ (संगीत खेमचंद प्रकाश), ‘अंदाज’ (नौशाद) आणि ‘बरसात’ (शंकर-जयकिशन यांचा पहिला चित्रपट) प्रदर्शित झाले. या तिन्हींतून लता मंगेशकर यांचा आवाज देशभर पोहोचला. ‘महल’च्या मूळ ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तोपर्यंत गायक हा ध्वनिमुद्रिकेवरही अनामिक राहू शकत होता. पुढच्या काही वर्षांत परिस्थिती इतकी पालटली की, चित्रपट विसरला गेला तरी गायकाचे नाव लक्षात राहू लागले.

बदल केवळ एका गायिकेचा नव्हता. जोहराबाई अंबालेवाली आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या भारदस्त, मैफिलीच्या वळणाच्या आवाजांची जागा पातळ, टोकदार आणि मायक्रोफोनला अनुकूल अशा आवाजाने घेतली. वाद्यवृंद मोठे झाले. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी पाश्चात्त्य स्वरलेखन आणि सुरावटींच्या संवादाची शिस्त मुंबईच्या स्टुडिओंत रुजवली. सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’मध्ये (१९५१) पाश्चात्त्य ठेका आणि ‘अनारकली’मध्ये (१९५३) अभिजात वळणाची चाल, अशी दोन्ही टोके दोन वर्षांच्या अंतराने गाठून दाखवली.

तरीही १९४९ ही काही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. अनिल विश्वास यांचा ‘किस्मत’ (१९४३) आणि नौशाद यांचा ‘रतन’ (१९४४) यांनी चित्रपटगीताच्या लोकप्रियतेचे मानदंड आधीच बदलले होते. सुवर्णकाळ १९४३ पासून मोजावा असे म्हणणाऱ्यांचा आधार हाच आहे. १९४९ हे साल स्वीकारले की जोहराबाई, अमीरबाई या गायिका आपोआप उंबरठ्याबाहेर राहतात, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अखेर कोठे करावी?

आरंभापेक्षा अखेरीविषयी अधिक मतभेद आहेत. एक पक्ष १९६९ साली, म्हणजे ‘आराधना’पाशी थांबतो. या चित्रपटाने किशोरकुमार यांना अग्रस्थानी आणले आणि रफी युगाची मक्तेदारी संपवली. दुसरा पक्ष मृत्यूंच्या नोंदीवरून कालखंड मोजतो. रोशन (१९६७), जयकिशन (१९७१), मदन मोहन आणि सचिनदेव बर्मन (दोघेही १९७५), मुकेश (१९७६) आणि मोहम्मद रफी (१९८०) असे एकेक खांब ढासळत गेले, म्हणून या मंडळींच्या मते सुवर्णकाळ १९८० पर्यंत खेचता येतो. तिसरा पक्ष कारणे चित्रपटांत शोधतो. १९७३ च्या ‘जंजीर’नंतर सूडकथांचे आणि मारधाडीचे चित्रपट वाढले, प्रणयकथेचा अवकाश घटला आणि त्याबरोबर गाण्याचे कथेतील स्थानही आकसले, असे त्याचे प्रतिपादन असते.

या सीमारेषा किती लवचीक असतात याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे राहुलदेव बर्मन. ‘तीसरी मंज़िल’ (१९६६) आणि ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) यांतील त्यांच्या संगीताला तत्कालीन ज्येष्ठ रसिकांपैकी अनेकांनी ‘गोंगाट’ म्हणून मोडीत काढले होते. जुन्या संगीताचा ऱ्हास दाखवायचा झाला की त्यांचे नाव घेतले जाई. ४ जानेवारी १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर प्रदर्शित झालेल्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने त्यांना पुन्हा शिखरावर नेले आणि आज सुवर्णकाळाच्या मैफलींत त्यांची गाणी मानाने गायिली जातात. ज्यांच्यापाशी एकेकाळी सीमारेषा संपत होती, तेच संगीतकार एका पिढीत रेषेच्या आत आले. चाली त्याच राहिल्या, ऐकणारे बदलले.

श्रोत्याचे वय आणि गाण्याचे वय

अमेरिकेत याच प्रश्नावर अधिक उघडपणे विचार झाला, कारण तेथे ‘ओल्डीज’ हा रेडिओ केंद्रांचा एक अधिकृत प्रकारच होता. लॉस एंजेलिसमधील निवेदक आर्ट लबो यांनी १९५९ साली ‘ओल्डीज बट गुडीज’ या नावाने गीतसंग्रहाची तबकडी काढली. त्यातील पुष्कळ गाणी अवघ्या चार-पाच वर्षांपूर्वीची होती! रॉक अँड रोलच्या तरुण श्रोत्यांना शाळेतली गाणी महाविद्यालयात गेल्यावर ‘जुनी’ वाटू लागली होती. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम या केंद्राने १९७२ पासून ओल्डीज वाजवली, २००५ साली ती अचानक बंद केली आणि श्रोत्यांच्या नाराजीनंतर २००७ साली पुन्हा सुरू केली. पुनरागमनानंतर मात्र भर १९५० च्या दशकावरून पुढच्या दशकांकडे सरकला. जाहिरातदारांना हवा असलेला श्रोता ज्या वयाचा, त्याच्या तारुण्यातील गाणी ती ‘जुनी’, असे हे साधे व्यापारी गणित होते.

या गणिताला संशोधनाचाही आधार आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास जी गाणी लोकप्रिय असतात, त्यांच्याकडे माणसाचा ओढा सर्वाधिक असतो. आपल्याकडील अनुभव याहून फारसा वेगळा नाही. प्रत्येक पिढी स्वतःच्या तारुण्यातील गाण्यांना ‘खरी जुनी गाणी’ म्हणते. त्यांच्या आधीची तिला ‘संथ’ वाटतात आणि नंतरची ‘उथळ’.

आकाशवाणी, कॅसेट आणि तयार याद्या

वैयक्तिक स्मृतीला सामूहिक रूप दिले ते प्रसारमाध्यमांनी. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांच्या निवेदनाने नव्या गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी घराघरांत पोहोचवली. त्याच केंद्राचा जुन्या चित्रपटगीतांचा सकाळचा स्वतंत्र कार्यक्रम होता आणि त्याची सांगता सैगल यांच्या गीताने होत असे. नव्या गाण्यांना एक वेळ आणि जुन्यांना दुसरी, अशी विभागणी रेडिओच्या वेळापत्रकानेच श्रोत्यांच्या मनात रुजवली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. पुढे तिच्यावरील ‘भूले बिसरे गीत’ या कार्यक्रमाच्या नावातच ‘विसरलेली’ ही जुन्या गाण्यांची व्याख्या सामावलेली होती.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि जुनी गाणी ही प्रथमच मोठ्या प्रमाणावर विक्रीची वस्तू बनली. गायकनिहाय, संगीतकारनिहाय संच निघू लागले. मूळ ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे असे, त्यामुळे ते गाणे विकत घेणाऱ्याने निवडलेले असे. कॅसेटवर ही निवड कंपनीने केली. त्याच त्या शे-दोनशे गाण्यांची पुनरावृत्ती तेव्हापासून सुरू झाली. २०१७ साली बाजारात आलेल्या ‘कारवाँ’ या संचात पाच हजार हिंदी गाणी आधीच भरलेली होती. पाच हजार हा आकडा मोठा वाटतो, परंतु यादीत नसलेले गाणे त्या पेटीच्या मालकासाठी अस्तित्वातच नसते.

या प्रवृत्तीला छेद देणारे काम निःस्वार्थी संग्राहकांनी केले. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फिल्म गीतकोश’ १९३१ पासूनच्या चित्रपटांची आणि गीतांची दशकवार नोंद करतो. गाणे चांगले की वाईट, गाजले की पडले, याचा विचार न करता त्यात केवळ नोंद आहे. ‘जुन्या’ची सर्वांत निःपक्षपाती व्याख्या तीच म्हणावी लागेल. ध्वनिमुद्रिका आणि तबकड्यांच्या वेष्टनांवरील माहिती जपणाऱ्या मुंबई-पुण्यातील संग्राहकांचे ऋणही या संदर्भात मान्य केले पाहिजे.

कायद्याची रेषा

भारतीय प्रताधिकार कायदा मात्र रसिकांप्रमाणे संदिग्ध नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यानुसार १९४९ च्या ध्वनिमुद्रणांचा हक्क २००९ अखेर संपला, १९६४ च्या ध्वनिमुद्रणांचा २०२४ अखेर. १९६९ सालच्या ‘आराधना’चा हक्क २०२९ अखेरपर्यंत राहतो.

येथे एक मोठा गैरसमज आढळतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क संपला म्हणजे गाणे सर्वस्वी मुक्त झाले असे नव्हे. शब्द आणि चाल यांवरील हक्क स्वतंत्र असून तो रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ‘बरसात’चे गीतकार हसरत जयपुरी १९९९ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या शब्दांना २०५९ अखेरपर्यंत संरक्षण आहे. शैलेंद्र १९६६ साली गेले, त्यांच्या शब्दांची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे एकाच चित्रपटातील एक गाणे कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्यापेक्षा तीन दशके आधी ‘जुने’ होऊ शकते! मैफलींच्या आयोजकांनी आणि इंटरनेटवर गाणी चढवणाऱ्यांनी हा भेद समजून घेणे हिताचे ठरेल.

जुन्या गाण्याच्या नव्या आवृत्तीसाठीही कायद्याने मुदत आखली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षाअखेरीपासून पाच वर्षे उलटल्याखेरीज दुसऱ्या आवाजातील आवृत्ती वैधानिक परवान्यावर काढता येत नाही. १९७२ च्या ‘समाधी’तील गाण्याचे रिमिक्स २००२ साली गाजले, तेव्हा तरुण श्रोत्यांपैकी पुष्कळांनी ते नवेच मानले होते. ‘जुने’ गाणे पुन्हा ‘नवे’ होऊ शकते ते असे.

मराठी गाण्याचे माप वेगळे

हिंदीची फूटपट्टी मराठी गाण्याला जशीच्या तशी लावता येत नाही. मराठीत ‘जुने गाणे’ चित्रपटापूर्वीच सुरू होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले आणि नाट्यपदांची परंपरा तेथून वाहू लागली. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा मराठी बोलपट १९३२ चा आणि त्याचे संगीतकार गोविंदराव टेंबे हे रंगभूमीवरूनच आलेले. पुढे भावगीताचा स्वतंत्र प्रवाह निर्माण झाला. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले, तेव्हा दर आठवड्याला येणारे नवे गीत ही ताजी घटना होती. छप्पन्न गीतांची ती मालिका आज कालातीत मानली जाते, तिला ‘जुनी गाणी’ म्हणणे कोणालाही रुचत नाही. वय वाढूनही जे रोजच्या वापरात राहते, त्याला आपण जुने म्हणत नाही, हा मुद्दा येथे स्पष्ट होतो.

व्यवहार्य विभागणी

या सर्व विवेचनावरून हिंदी चित्रपटगीतांपुरती एक ढोबळ विभागणी सुचवता येते. १९३१ ते १९४६ हा आद्यकाळ. १९४७ ते १९६९ हा सुवर्णकाळ, ज्यात पहिली दोन वर्षे संक्रमणाची. १९७० ते १९८७ हा उत्तरकाळ, ज्याची अखेर १३ ऑक्टोबर १९८७ रोजी झालेल्या किशोरकुमार यांच्या निधनाशी जुळते. १९८८ ते १९९९ हा कॅसेटच्या भरभराटीचा आणि नव्या आवाजांचा काळ, ज्यात ‘रोजा’ (१९९२) आणि ‘रंगीला’ (१९९५) यांद्वारे ए. आर. रहमान यांनी ध्वनीची रचनाच बदलली. ‘जुने’ या शब्दासाठी मात्र एक पिढी, म्हणजे सुमारे तीस वर्षे, हा सरकता निकष पुरेसा आहे. या निकषाने वरील चारही कालखंडांतील बहुतांश गाणी जुनी ठरतात, सुवर्णकाळातील मात्र एकाच कालखंडाची.

मैफलीच्या आयोजकांनी फलकावर ‘जुनी गाणी’ऐवजी कालखंड लिहिला, तर तिकीट काढणाऱ्याची फसगत टळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या कालखंडासाठी कोणीच मैफल ठेवत नाही तो कोणता, हे सर्वांना दिसेल. आज तो आद्यकाळ आहे. त्या काळातील गाणी तरुणपणी ऐकलेले श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि सरकत्या सीमेचा नियम असा की, ज्या गाण्यांना श्रोता उरत नाही, ती जुनीही राहत नाहीत, केवळ सूचीतील नोंद बनतात. ‘आलम आरा’ची सात गाणी त्या नोंदीपलीकडे उरली नाहीत. तीच गत शांता आपटे, अमीरबाई आणि जोहराबाई यांच्या स्वरांची होऊ नये असे वाटत असेल, तर घरातील आजी-आजोबांना त्यांच्या पसंतीची दहा गाणी विचारून लिहून घ्यावीत. त्या यादीतील निम्मी गाणी बाजारातील कोणत्याही संचात सापडणार नाहीत आणि खऱ्या अर्थाने जुनी गाणी तीच असतील.